मांडवाखालची टाकी

ती दुपार माझ्या मनातून अजून गेलेली नाही. कन्हानच्या अलीकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत लग्नाचे एक मोठे लॉन होते. जागा मूळची महायुद्धातल्या इंधन डेपोची. विमानांचे पेट्रोल तिथे जमिनीखालच्या टाक्यांत साठवत. युद्धानंतर तिथे धान्याचे गोदाम झाले, मग आरागिरणी, शेवटी लॉन. टाक्या केव्हाच बुजवल्या, असे सगळे समजत. मीही.

एकच्या सुमारास लॉनवरचा आचारी ठाण्यात आला. हात पिठाचेच होते. "साहेब, मोरीतून पेट्रोलचा वास येऊन राहिला," तो म्हणाला. "मी भट्टी पेटवली नाही." त्यावरून वधूपक्ष चिडला होता आणि मालकाने त्याला हाकलले होते.

टँकरमधून पेट्रोल चोरल्याच्या तक्रारी आमच्याकडे होत्याच. पथक घेऊन गेलो. मालकाने हसून जनरेटरकडे बोट दाखवले. झडतीत पंचांसमक्ष दोन रिकामे ड्रम आणि एक लांब नळी मिळाली, माल नाही. तेवढ्यावर कुणाचे लग्न कसे थांबवायचे? मी थांबवले नाही. ती माझी चूक होती. मालकावर नजर ठेवायला लॉनवर एक हवालदार ठेवला आणि तिथल्या चौकीदाराला चौकशीसाठी ठाण्यात आणले.

साठीचा, कमी बोलणारा माणूस. त्याचे वडील त्याच डेपोत खलाशी, म्हणजे टाक्यांवरचे मजूर होते. माल कुठे ठेवता, टँकर कुणाचे, हे आम्ही तीन तास विचारत होतो. तो मान खाली घालून बसला होता. चहा दिला, तो तसाच निवला. अधूनमधून एवढेच विचारी, "सहा वाजाले किती वेळ आहे, साहेब?"

ठाण्यात बसवलेला माणूस सहसा विचारतो, कधी सोडता. हा सुटकेचे नावच काढत नव्हता. चौथ्यांदा त्याने वेळ विचारली तेव्हा मी कागद बाजूला सारला आणि विचारले, "सहा वाजता काय आहे?"

त्याने पहिल्यांदा वर पाहिले. "लग्न लागते, साहेब. स्टेजच्या दोन्ही बाजूले फटाक्याचे अनार पेटवतात. टाकी स्टेजखालीच आहे. भरेल आहे."

पाच वाजायला वीस मिनिटे होती. वायरलेसवरून हवालदाराला मांडव रिकामा करायला सांगितले, अग्निशमन दल बोलावले. स्टेजवरचा गालिचा उचलला तर खाली फळ्या, फळ्यांखाली डेपोच्या काळातले लोखंडी झाकण. त्यातून येणाऱ्या वाफेने डोळे चुरचुरले. नवरीचे वडील माझ्यावर संतापले होते. झाकण पाहिल्यावर त्यांनीच दुसरी जागा बघायला माणसे धाडली.

लग्न शेजारच्या शाळेच्या मैदानात लागले, तासभर उशिरा. स्वयंपाक त्याच आचाऱ्याने केला.

मालकाला अटक झाली. चौकीदारही आरोपी होता. झाकणाची किल्ली त्याच्याकडेच असे. जबाबावर अंगठा घेताना मी त्याला विचारले, "आधी काहून नाही सांगितलं?"

"मालकाच्याच खोलीत राहतो, साहेब. आपल्याहून सांगायची हिंमत नाही झाली," तो म्हणाला. "तुम्ही मालाचंच विचारून राहिले होते. मांडवातल्या लेकरायचं कोणी विचारलं असतं, तर तवाच सांगतलं असतं."

पुढच्या नोकरीत आरोपी समोर बसला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: आत्ता, या घडीला, कुणाच्या जिवाला धोका आहे का? बहुतेक जण नाही म्हणत. दोघे जण मात्र हो म्हणाले.