नमुना नीट पाहा

बिराजदार सरांना एखादी प्रश्नपत्रिका आवडली नाही, की ते ती दोन बोटांच्या चिमटीत कोपऱ्याला धरायचे, मेलेला उंदीर शेपटीने धरावा तशी, आणि लिहिणाऱ्याच्या टेबलावर सोडून द्यायचे. तोंडातून एकच शब्द निघायचा, "हेसिगे." सर मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कन्नड, या शब्दाचा अर्थ किळस. सोलापुरातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात माझ्या टेबलावर असे उंदीर बरेच पडले.

कॉलेजात दरवर्षी प्रोग्रॅमिंगची स्पर्धा होते. प्रश्न मराठीतही छापायचे, हा सरांचा हट्ट. प्रश्न मी काढायचो, सर तपासायचे. प्रत्येक प्रश्नाखाली एक नमुना असतो: अमुक माहिती दिली तर तमुक उत्तर यायला हवं. त्याखाली स्पष्टीकरण, म्हणजे ते उत्तर का आलं. इतकं आळशी लिखाण दुसरं नसेल. "उत्तर दोन येते, म्हणून उत्तर दोन" या थाटात मीही पानंच्या पानं खरडली आहेत. सर म्हणायचे, "भूक का लागली, तर पोट रिकामं. पोट का रिकामं, तर जेवलो न्हाय. आता का जेवला न्हाय ते सांगा की. तितं तुमी गप्प." आणि वर, "ज्याला कळलंय त्याच्यासाठी लिहू नका. जो अडलाय त्याच्यासाठी लिहा."

त्या वर्षी मी एक सोपा प्रश्न काढला. गावात तीन दिवसाआड पाणी येतं, पहिल्या दिवशी आलं. तर दिलेल्या दिवसांत किती वेळा येईल? नमुना सहा दिवसांचा, उत्तर दोन. खाली लिहिलं, "सहा दिवसांत पाणी दोनदा येते." माझ्या हिशेबाने ते पहिल्या आणि चौथ्या दिवशी यायचं. सरांनी कागद वाचला आणि चिमटीत न धरता परत दिला. "सोपा हाय. जाऊ द्या."

स्पर्धा सुरू असताना लावण्याची चिठ्ठी आली. ही तिसऱ्या वर्षाची मुलगी. आईवडील दोघंही अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. पहिली आली असती तर पुण्याच्या अंतिम फेरीला गेली असती, आणि ती येणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. चिठ्ठीत विचारलं होतं, "तीन दिवसाआड म्हणजे मधले तीन दिवस कोरडे ना?" मी धड न वाचता त्यावरच लिहिलं, "नमुना नीट पाहा." तिने पाहिला. तिच्या हिशेबाने पाणी पहिल्या आणि पाचव्या दिवशी. सहा दिवसांत तरीही दोनदाच. नमुना जुळला. मोठ्या आकड्यांना मात्र उत्तरं तपासणाऱ्या आमच्या संगणकाने तिला पाच वेळा चूक ठरवलं. त्या एका प्रश्नावर ती दुसरी आली.

निकालानंतर ती सरांच्या खोलीत आली, तेव्हा मी तिथंच होतो. "सर, सोमवारी नळ आला की आमच्याकडं शुक्रवारी येतो. मंगळ, बुध, गुरू भरलेलं पुरवायचं. घरात पाणी मीच भरते. माझं कुटं चुकलं?"

सरांनी घरी फोन लावला, बायकोला कन्नडमध्ये काहीतरी विचारलं आणि फोन खाली ठेवला. "आमच्या मंडळीनंबी शुक्रवारच सांगितला," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तीस वर्षं तिनं भरलेलं पाणी पितोय, आन पाण्याचा प्रश्न तपासतोय. हेसिगे." या वेळी त्यांच्या हातात कागद नव्हता.

विभागप्रमुख म्हणाले, निकाल पुण्याला कळवून झालाय, पुढच्या वर्षी बघू. सर त्यांच्याशी तासभर भांडले. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही शिसारी येते. पुण्याला गेला तो हॉस्टेलचा मुलगा. हॉस्टेलात टाकी कायम भरलेली असते.

पुढच्याच महिन्यात सर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी भाषण केलं नाही. लावण्याला पुढच्या बाकावर बसवलं आणि फळ्यावर लिहिलं: पहिला दिवस पाणी. दुसरा, तिसरा, चौथा कोरडे. पाचवा पाणी. सहावा कोरडा. म्हणून दोन.

"हे मी लिहून घ्यायला पायजे होतं," सर म्हणाले. "माझं चुकलं, बाळ. आता बराबर हाय का?"

लावण्याने फळ्यावरचे दिवस मोजले. "स्पष्टीकरण बराबर हाय, सर. नमुना सहाचा नको, सातचा घ्या. तुमच्या संगणकाच्या हिशेबानं तीनदा येतं, माझ्या हिशेबानं दोनदा. मला तितंच कळलं असतं."

सरांनी सातवा दिवसही कोरडा म्हणून लिहिला. हातावरचा खडू झटकत मला म्हणाले, "ही पोरगी आधी बोलली असती, तर?"

ती बोलली होती. ती चिठ्ठी माझ्या खणात आहे, माझ्या अक्षरातल्या उत्तरासकट. सरांना ती मी कधीच दाखवली नाही.