झोपेत वाजवलेली थाळी

अश्विनी ओतूरच्या कॉलेजात ग्रंथालयात कारकून. पुस्तकांचं तिला फारसं वेड नव्हतं. तिथे कुणी ओरडत नाही, एवढंच तिला पुरे होतं. घरात कुकर नाही, दाराला बेल नाही, मोबाइल कायम मुका. गल्लीने तिचं नाव भित्री भागूबाई ठेवलं. तिने कुणाला खुलासा केला नाही. खुलासा ज्याला डोकं आहे त्याला करावा, असं तिचं मत.

तिची थोरली बहीण रत्ना सोळाव्या वर्षी गेली. पहाटे उशाशी गजर वाजला, ती दचकून उठली आणि कोसळली. माहेरच्या, डिंभ्यातल्या शहाण्यांनी नाकाला कांदा लावला. मग चप्पल हुंगवली. मग, बाहेरचं आहे म्हणाले आणि जेवायला गेले. पुढे फोनच्या आवाजाने अश्विनीही पडली, तेव्हा आई साळुबाई तिला पुण्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी ईसीजी पाहिला. हृदयाच्या विजेत जन्माची खोट आहे, घराण्यातून आलेली. अचानक आवाज झाला की ठोके बेताल होतात. झोपेतून दचकणं सगळ्यात वाईट. गोळी चुकवू नका. बाळंतपणानंतरचे महिने फार जपा, आणि बाळाचाही ईसीजी काढा.

लग्नाआधी तिने हे सगळं पप्पूला सांगितलं. पप्पूने मान डोलावली. तो कशालाही मान डोलावतो.

मुलगी झाली. पाचवीला सासू ठकूबाई ओतूरहून डिंभ्याला आल्या. पिशवीत झबली, काजळ, आणि पितळेची थाळी.

"ही कशाला?" अश्विनीने विचारलं.

"पोरीच्या कानाशी वाजवायला. आमच्यात थाळी वाजल्याबगर पोर पाळण्यात टाकत न्हाईत. भित्रं निपजतं."

"वाजवायची नाही. तिलाही माझा आजार असेल. सोमवारी तिचा ईसीजी आहे."

"पाच पिढ्या वाजली, बाई. कोण मेलं?"

"मेलेले सांगायला येत नाहीत, आत्या."

ठकूबाईंनी पदर झटकला. "पाच दिवसांची बाळंतीण, आन् जीभ बघा!"

अश्विनी नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही सांगा आत्यांना."

"सांगतो ना," पप्पू म्हणाला आणि मान डोलावली.

सांगितलं त्याने. ओट्यावर बसून, चहा पीत. साळुबाई तेव्हा धुणं घेऊन नदीला गेली होती.

"आई, ती जागी असली की घाबरती. भीतीचाच आजार हाय तो. झोपू दे तिला, मग उरकून घे."

"आन् पोरीचं?"

"तिच्या कानाशी नको. दारातून वाजव, लांबून."

"शाना झाला रं माझा पप्पू," ठकूबाई म्हणाल्या.

दुपारी अश्विनीला झोप लागली. साळुबाई अजून नदीवरच होती. कुशीत मुलगी. ठकूबाई दबक्या पावलांनी दारात आल्या. मागे शेजारच्या चार बाया, तोंडाला पदर लावून. लाटणं थाळीवर एकदाच पडलं. पण मन लावून पडलं.

अश्विनी दचकून उठली. छातीत काहीतरी फडफडलं, दोर तुटलेल्या पतंगासारखं. समोरचं दार काळं झालं.

डोळे उघडले ते वासाने. कांदा. त्यामागे चामड्याचा. पप्पू गुडघ्यांवर बसून तिच्या नाकाशी स्वतःची चप्पल धरून होता. बाया चुकचुकत होत्या. मुलगी बाजूला बेंबीच्या देठापासून रडत होती. रडत होती, म्हणजे होती. अश्विनीने आधी ते ऐकलं, मग श्वास घेतला.

"दातखीळ बसली व्हती," एक बाई म्हणाली. "कांद्यानं सुटली."

"मी हळूच वाजवली गं," ठकूबाई पुटपुटल्या. "झोपेत तर व्हतीस. झोपेत कुनाला भ्या वाटतं?"

अश्विनीने सगळ्यांकडे पाहिलं. रागावण्याइतकीही किंमत त्यांना द्यावीशी तिला वाटेना. रत्नाला याच वासात गाडलं होतं असल्याच शहाण्यांनी. तिने मुलीला उचलून छातीशी धरलं.

"अहो," ती पप्पूला म्हणाली, "चप्पल पायात घाला. गाडी काढा. सोमवारपर्यंत नाही थांबायचं, आत्ताच पुण्याला जायचं. दोघींनाही दाखवायचं."

पप्पूने मान डोलावली.

"मान नको. गाडी."