आईचा ओवा

शेजारून ओव्याच्या पानांच्या भज्यांचा वास आला की मला नाशिकरोडच्या घरामागचा मातीचा तुकडा दिसतो. आई गेली त्या वर्षी तिने लावलेला ओवा तिथे उरला होता, जाड, लवदार पानांचा. नोकरीच्या गावी परतताना मी दादाला म्हटलं, "तेवढा सांभाळ." "अगं, माझीपण आईच होती ना ती," तो म्हणाला. संक्रांतीला आले तर त्या जागी काठ्या रोवून मटार चढवलेला होता, शेंगांनी लगडलेला. "ओव्याचं काय, कुठंही फांदी खोचली की येतो," दादा हौसेने सांगत होता, "मटाराला मात्र थंडी लागते, आणि ऊन काय ते इथंच येतं." "मग एक फांदी तरी कुंडीत खोचायचीस, दादा." तो सुतळीची गाठ घट्ट करत राहिला. "राहूनच गेलं गं. नर्सरीतून आणू ना दुसरा." वहिनीने सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले. ते खरंच गोड होते. दोनच खाऊन उरलेले मी तिच्या ताटलीत परत ठेवले. दादाशी माझं आजही चांगलं आहे. फक्त त्याच्याकडे सांभाळायला म्हणून मी पुन्हा काही दिलं नाही.