तात्यांची दाढ आणि बैलाचे दात

आमच्या नेऱ्यात निम्मं गाव दाताच्या डॉक्टरला घाबरतं. त्याला जबाबदार माणूस एकच: माझे सख्खे चुलते, तात्या. नाव घेऊन सांगतो, कारण ते हे वाचणार नाहीत, आणि वाचलं तरी मान्य करणार नाहीत.

मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. आता मारुंजीत एका डॉक्टर मॅडमच्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसतो. तात्या मला 'अर्धा इंजिनेर' म्हणतात. म्हणू देत. या काउंटरवरून जे दिसतं ते कुठल्याच कॉलेजात दिसत नाही. दिवसाला एक तरी किस्सा पडतोच. मित्र चहाला बोलावतात ते मुळी "आज कोण पळालं?" हे विचारायला.

*

सुरुवात तात्यांपासूनच. मी सहा वर्षांचा असताना माझा दुधाचा दात हलत होता. तात्यांनी त्याला दोरा बांधला, दुसरं टोक वासराच्या शेपटीला बांधलं आणि वासरू हुसकलं. दात गेला. त्याच्यामागे दहा पावलं मीही गेलो. वर मलाच दम, "गप. डॉक्टर तर पक्कड घालतो. आन् वरची दाढ काढली की नजरच जाती."

ही नजरेची गोष्ट त्यांनी पुढं पारावर, लग्नात, दहाव्याला, सगळीकडं वाटली. स्वतः मात्र बैलबाजारात दिसेल त्या बैलाचा जबडा उघडून वय सांगतात. बैलाला विचारतसुद्धा नाहीत.

आणि गेल्या दिवाळीत तात्यांचीच वरची दाढ ठणकायला लागली. चैत्रात गावची यात्रा, यात्रेत घाटात, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर, बैलगाड्यांच्या शर्यती, आणि शर्यतीचा माईक बावीस वर्षं तात्यांच्या हातात. तोच त्यांचा मान. मॅडम मला म्हणाल्या, आत्ता आणलंस तर नुसतं सिमेंट भरून भागेल. मी निरोप दिला. तात्यांनी लवंग लावली.

*

शाळेतले आमचे गुरुजी रिटायर झालेत. चाळीस वर्षं पोरांच्या हातावर पट्ट्या मोडल्या. परवा खुर्चीत बसले आणि माझं मनगट धरलं ते सोडेनात. दुखेल का रे, किती दुखेल, आधी सांगशील का? आवाज एवढा बारीक की मला आधी वाटलं, बाहेरून कुणी बोलतंय.

मी त्यांचंच वाक्य त्यांना परत केलं. "नाटकं नकोत. पुढं करा."

गुरुजींनी हात पुढं केला. मी म्हणालो, "हात नाही, तोंड."

*

माजी सरपंचांची तऱ्हा वेगळी. दात ठणकायला लागला तेव्हाच आले. गळ्यात निळा कागदी रुमाल बांधला, खुर्ची मागं झुकली, आतलं मशीन नुसतं गुणगुणलं आणि साहेब चपला सोडून पळाले. सरळ समोरच्या हॉटेलात. तिथं त्याच रुमालावर रस्सा सांडत दोन प्लेट मिसळ खाल्ली. बाहेर सगळ्यांना सांगितलं की मी बायकोसोबत आलो होतो. बायको त्यांची माहेरी होती.

हा पळ वेटिंगमध्ये बसलेल्या एका आजीनं पाहिला. आजी ताम्हिणीच्या वरच्या वाडीतली, मजुरी करणारी. एसटीनं एकटी आलेली. तिनं किडलेला दात निमूट काढून घेतला आणि मॅडमना म्हणाली की एवढी लांबून आलेय, तर बाकीचेबी बघून टाका. मॅडम म्हणाल्या, सहा महिन्यांनी परत या.

इथं शिकलेली माणसं सहा महिने ऐकून सहा वर्षांनी येतात. आजी बरोबर सहा महिन्यांनी हजर. मी विचारलं, कुठं दुखतंय?

"कुटंच न्हाई. दुखल्यावर यायला मी काय सरपंच हाय?"

*

इकडं यात्रा जवळ येईपर्यंत तात्या लवंगेवरून तुरटीवर आणि तुरटीवरून कुणा बाबाच्या मंतरलेल्या दोऱ्यावर आले होते. यात्रेच्या आदल्या दिवशी गाल असा सुजला की टोपी तिरकी बसायला लागली. मग माझ्या आईनं सूत्रं हातात घेतली. तात्यांना माझ्या गाडीवर मध्ये बसवलं आणि मागं स्वतः बसली, म्हणजे उडी मारायची सोय नको.

दवाखान्यात तात्या खुर्चीत बसले, पण ओठ घट्ट. मॅडमनी समजावलं, मी दटावलं. शेवटी त्यांनी दातांच्या फटीतूनच जुनं हत्यार काढलं.

"वरची दाढ हाय, मॅडम. नजर गेली तर उद्या घाटात गाडं कोन बगंल?"

आई कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती उठलीसुद्धा नाही.

"भावजी, तुमच्या बैलाला फुडचं वरचं दात हायेतच कुटं? त्यो काय आंधळा पळतोय व्हय?"

मॅडमनी हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते. आयुष्यभर बैलांचे जबडे उघडणाऱ्या तात्यांनी माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि तोंड उघडलं.

बोटभरच उघडलं. सुजेनं त्याहून जास्त उघडतच नव्हतं. मॅडमनी गोळ्या दिल्या आणि सूज उतरली की दाढ काढू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी घाटात तात्या तोंडाला उपरणं गुंडाळून बसले होते आणि गाडामालकांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून वर स्टेजवर पाठवत होते. वर माईकवर अर्धा इंजिनेर होता. लोकांना आवाज आवडला. पुढच्या वर्षाचंही ठरलं.

तात्यांची एक दाढ गेली आणि बावीस वर्षांचा माईक गेला.