पाळण्याची सीडी आणि जुना ड्राइव्ह

आज सोमवार. सकाळी तालुक्याच्या गावी, मूलला जाऊन आलो.

बायको वारून चार महिने झाले. तिचा आवाज फक्त मुलीच्या बारशाच्या सीडीत आहे. ती सीडी मीच मागे धानाच्या बांधावर पाखरं हाकलायला टांगली होती. आता मुलीच्या घरी बाळाचं बारसं आहे आणि तिला आईचा पाळणा हवा आहे.

मूलच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नवा पातळ ड्राइव्ह सीडी वाचेना.

"भाऊ, पाखरायले दाखवून झाली, आता मशीनले दाखवता का?" दुकानदार हसला. मग त्याने जुन्या कॉम्प्युटरचा मोठा ड्राइव्ह जोडला. तो हळू फिरतो, ओरखड्यावर अडला की पुन्हा वाचतो. त्या ड्राइव्हने सीडी वाचली.

सीडीत बायको पाळण्याची पहिली ओळ म्हणते. लगेच माझा आवाज येतो, "गप राय ना, तुया भसाडा आवाज शूटिंगमधी येऊन राह्यला." ती गप्प होते. पुढे शेवटपर्यंत ती नुसती दिसते.

"आवाज अजून साफ करून देऊ का?" दुकानदाराने विचारलं. मी नाही म्हटलं.

ओरखडे असलेल्या सीडीसाठी जुना मोठा ड्राइव्हच घ्या. मुलीचे दोन फोन येऊन गेले. तुम्ही माझ्या जागी असता तर हे तिला पाठवलं असतं का?

घरी येऊन मी दोरीवरचे कपडे काढले आणि घड्या घातल्या.