शनिवारी घाणा थांबवणाऱ्या मिल्काबाई

समजा, तुमच्यापुढे सूपभर शेंगदाणे आहेत आणि ते निवडायचे आहेत. खडे, काड्या काढणं सोपं असतं. खरं काम त्यानंतरचं. संशय आला तो दाणा बोटांत फिरवायचा. साल सुरकुतलंय का? फोडल्यावर आत हिरवट-पिवळी भुकटी दिसते का? तसा एक सापडला की आसपासचे सगळे फोडून बघायचे. नखं दुखतात, डोळे चुरचुरतात. वाईट निघालेले दाणे उकिरड्यावरही फेकायचे नाहीत, कोंबड्या टिपतात. ते चुलीत घालायचे.

इंदापुरात मिल्का झिराडकर लग्न होऊन आल्यापासून हे काम करतात. त्यांचा लाकडी घाणा आहे. त्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. कोकणात त्यांच्या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण धंदा तेलाचा आणि सुट्टी शनिवारची. त्यांचे आजेसासरे अलिबागकडच्या झिराडहून इकडे आले आणि त्यांनी हा घाणा उभा केला. आता बैलाच्या जागी मोटार आहे, नवरा राहिला नाही, मुलगा शिमशोन इस्राएलमध्ये अश्दोदला असतो. नियम तेवढा टिकला. शुक्रवारी दिवेलागणीला मिल्काबाई दिवा लावतात आणि मग शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत विजेचं बटणसुद्धा दाबत नाहीत. शनिवारी त्यांच्याकडे तेल मिळत नाही, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

मी अविराज, सणसरचा. अन्नतंत्रज्ञान शिकलो आणि बारामतीत एका खाजगी प्रयोगशाळेत काम करतो. तेलाच्या नमुन्यांमुळे त्यांची ओळख झाली. हे लिहितोय ते चिडून, आणि ते लपवायची मला गरज वाटत नाही.

गेल्या दिवाळीनंतर मानसिंग नावाचा व्यापारी टेम्पो घेऊन त्यांच्या दारात आला. परतीच्या पावसात भिजलेल्या शेंगा त्याने मातीमोल भावात उचलल्या होत्या आणि फोडून पोती भरली होती. मिल्काबाईंनी एका पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. आतले दाणे गरम लागले. बाहेर काढलेली मूठ त्यांनी उघडून दाखवली. तळव्यावर हिरवी भुकटी होती.

"न्या परत," त्या म्हणाल्या.

"वैनी, वरचा थर जरा दमट हाय. खाली सोनं हाय सोनं."

"मग सोनाराकडं न्या."

दाणे निवडायला येणारी रंगूबाई तोंडाला पदर लावून हसली. मानसिंगला ते लागलं.

"तेलाला काय वास मारतोय का? घ्या की गाळून. खाऊन मेलंय का कोण आजवर?"

"आज मरत न्हाय, मानसिंगराव. म्हणून तर तुमचं फावतंय."

बाईंचं बरोबर होतं. या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते वर्षानुवर्षं यकृत पोखरतं, त्यातून कॅन्सर होतो. घाण्याचं तेल रिफाईन केलेलं नसतं, त्यामुळे विषाचा काही भाग तेलात उतरतो. फडक्याने गाळून तो जात नाही, कढईत तापवून जात नाही. बाकीचं पेंडीत राहतं. पेंड म्हशी खातात, म्हशींच्या दुधात ते येतं, आणि घरात दुधाचा पहिला पेला कुणापुढे ठेवतात हे मी सांगायला नको. खाल्ल्याबरोबर उलट्या झाल्या असत्या, तर लोकांनी मानसिंगला बाजारात उभं राहू दिलं नसतं. हे विष गाजावाजा करत नाही. म्हणून विकणारा उजळ माथ्याने फिरतो.

बाईंनी पोती परत पाठवली, पण का पाठवली ते कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या धर्मात कुणाबद्दल मागे वाईट बोलणं हे मोठं पाप. बोलणं खरं असलं तरी पाप. त्यामुळे घाणा चालवणाऱ्या ज्ञानेशलाही वाटलं, भावावरून फिसकटलं असेल. शटरची दुसरी किल्ली त्याच्याकडे असे. मानसिंगने त्याला गाठलं. बाईंशी बोलणं झालंय, शनिवारी घाणा रिकामाच असतो, तेवढं गाळप उरकून घे, असं सांगितलं.

शनिवारी सकाळी मिल्काबाई मागच्या घरात प्रार्थनेचं पुस्तक घेऊन बसल्या होत्या. तेवढ्यात घाण्याची लाट, म्हणजे उखळात फिरणारा लाकडी दांडा, कुरकुरायला लागल्याचा आवाज आला. त्या घरात शनिवारी तो आवाज कधीच झाला नव्हता. आधी त्यांना वाटलं, शेजारी काही चालू आहे. बराच वेळ त्या तशाच बसल्या. मग पुस्तक मिटून पुढे आल्या. उखळात तेच हिरवट दाणे भरडले जात होते, दोन डबे भरून झाले होते.

"बंद कर, ज्ञानेश."

"वैनी, एवढा घाणा हूं द्या. मदीच थांबवला तर लाट अडकंल. मानसिंगराव म्हनले, तुमचं बोलणं झालंय."

बाई मेन स्विचकडे गेल्या. ज्ञानेश त्यांच्या हाताकडे बघत राहिला.

"वैनी, आज शनवार हाय."

"वार मला ठाऊक हाय. बाजूला हो."

त्यांनी स्विच खाली ओढला. दोन्ही डबे परसात नेऊन राखेच्या खड्ड्यात ओतले. ज्ञानेशला सगळं कळलं तेव्हा त्यानेच पुढचं सांगितलं. पहिल्या गाळपाची पेंड तोवर टेम्पोतून गेली होती.

दुपारी मानसिंग आला. नुकसानीबद्दल आधी काही बोललाच नाही.

"काय वैनी, धर्म बुडवला म्हनं आज?"

"माझा धर्म मी बघंन. पेंड कुणाला दिली?"

"गिऱ्हाइकाला."

"कुठल्या?"

"धंद्यातलं सांगत नसतेत, वैनी. तुमी बी धंदेवाल्याच हाय की."

रविवारी सकाळी शिमशोनचा फोन लागला. तो म्हणाला, जीवाला धोका दिसला की शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, मोडायचाच, आणि अशा वेळी परवानगी विचारत बसणारा रक्त सांडतो, असं जुने रब्बी, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, सांगून गेलेत. जो दुसऱ्याच्या जिवावर उठतो, त्याला त्यांच्या शास्त्रात 'पाठलाग करणारा' म्हणतात. बघणाऱ्या प्रत्येकाने त्याला अडवायचं असतं. कोरोनात नियम मोडून गर्दी जमवणाऱ्यांना काही रब्बींनी हाच शब्द लावला होता.

"ते मोडलं ते मोडलं," बाई म्हणाल्या. "पण आता मानसिंगचं नाव चारचौघांत घ्यायचं म्हणजे चहाडीच की रे."

"आई, ते वचन पुरं वाच."

त्यांनी तोरा, म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ, उघडली. आपल्या लोकांत चहाडी करत फिरू नको. हा अर्धा भाग त्यांना पाठ होता. सासूबाई तो येताजाता सुनांना ऐकवायच्या. उरलेला अर्धा त्याच ओळीत होता. शेजाऱ्याचं रक्त सांडत असता नुसता उभा राहू नको.

त्या दिवशी आठवडे बाजारात मिल्काबाईंनी तेलाचे डबे मांडले आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "काल माझ्या घाण्यात बुरशीचे दाणे गाळले गेले. पोती मानसिंगरावांची. तेल मी ओतून दिलं, पण पेंड बाहेर गेलीय. कुणी घेतली असंल तर जनावराला घालू नका."

लोकांनी काय विचारावं?

"बाई, तुमी शनवारी बटण दाबलं म्हनं?"

जो तो हेच विचारत होता. ज्यांनी आयुष्यात शब्बाथ पाहिला नाही, ते शब्बाथ मोडला म्हणून हळहळत होते. पेंड कुठे गेली, हे एकानेही विचारलं नाही. आणि घरी जाताना त्यांनी तेल दुसरीकडून घेतलं, कारण बुरशीचे दाणे 'तिच्याच घाण्यात' निघाले होते. जी खरं बोलली तिचा धंदा बसला. आमच्याकडे आजार लपवणाऱ्याची अब्रू शाबूत राहते, तो दाखवून देणाऱ्याची जाते.

उखळात उरलेला भरडा मी तपासला. विष कायद्याच्या मर्यादेच्या कितीतरी पट निघालं. भेसळीची तक्रार करायला बाई आणि मी एका सरकारी कार्यालयात गेलो. 'नमुना आमच्या माणसाने घेतलेला नाही, आणि माल कुठंय,' असं तिथं विचारलं गेलं. माल म्हशींच्या पोटात होता. परत येताना एका पतसंस्थेच्या कार्यक्रमात मानसिंगला शाल-श्रीफळ मिळत होतं. बाईंनी एकदा तिकडे बघितलं आणि चालत राहिल्या.

गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा त्या रंगूबाईबरोबर दाणे निवडत होत्या. घाणा अर्धा वेळ बंदच असतो.

"शिमशोनला रब्बीला विचारायला सांगितलंय," त्या म्हणाल्या. "अजून उत्तर न्हाय. तोरेत लिहिलंय, खड्डा उघडा ठेवला आणि त्यात कुणाचा बैल पडला, तर ज्याचा खड्डा त्यानं भरून द्यायचं. आता दाणे मानसिंगचे. चालवला ज्ञानेशनं. घाणा माझा, आणि आधी गप्प बसले ती पण मीच. अविराज, तू शिकलेला हायस, तूच सांग. हा खड्डा कुणाचा?"