जखमेविना पट्टी

धाकटे दीर गच्चीवर पडले तेव्हा मी खालच्या मजल्यावर एका पुस्तकाची प्रुफं तपासत होते. ऐकू आला तो शिडीचा आवाज, लोखंड फरशीवर आपटल्याचा. माणूस पडल्याचा आवाज वेगळा आला नाही, म्हणून मी लगेच उठले नाही. ही गोष्ट सुरुवातीलाच नोंदवलेली बरी.

आमचं घर नेऱ्यात आहे. जमिनीतली काही विकली गेली, काहीत अजून भात होतो, आणि रस्त्याकडेच्या तुकड्यावर चौदा खोल्या बांधल्या आहेत. भाडेकरू हिंजवडीत कामाला जाणारे. खोल्यांचं सगळं दीर बघतात: मोटर, लाइट, कोण आलं, कोण सोडून गेलं. त्या सकाळी टाकी भरली की पाणी तोडणारा बॉलकॉक अडकला होता. तो सोडवून उतरताना शिडी सरकली आणि त्यांच्या डोक्याची मागची बाजू कठड्यावर आपटली. वरच्या खोलीतल्या भाडेकरूनं ते पाहिलं. त्याच्या सांगण्याप्रमाणे दीर अर्धं मिनिट काही बोलले नाहीत. मग उठून बसले आणि बॉलकॉक सुटला का, असं त्यांनी विचारलं. जिना उतरताना त्यांना उलटी झाली. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांनी तोच प्रश्न चार वेळा विचारला.

डोक्याचा स्कॅन झाला. रक्तस्राव नव्हता, हाड शाबूत होतं, एकही टाका घालावा लागला नाही. मेंदूला हादरा बसलाय, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. एक रात्र ठेवून घेतलं आणि दोन पानी इंग्रजी कागद देऊन घरी सोडलं.

कागद वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. पुढच्या पडवीत सासूबाई, माझे पती, जाऊ आणि स्वतः दीर बसले होते. मी वीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली आहेत. जागा कमी पडली की बातमी खालून कापायची, हे तिथलं पहिलं शिक्षण. महत्त्वाचं वर असतं, उरलंसुरलं खाली. दुसऱ्या पानाच्या तळाशी चार ओळी होत्या. चिडचिड, भीती, संशय, सारखं रडू येणं, झोप उडणं, जगण्यातली गोडी जाणं हा या दुखापतीचाच भाग असू शकतो. असं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच घेऊन यावं. मी त्या ओळी मनात वाचल्या. सासूबाई आधीच पदरानं डोळे पुसत होत्या. डोक्यावर परिणाम होतो असं आमच्या घरात एकदा बोललं गेलं की ते परत घेता येत नाही. मी कागदाची घडी घातली. विश्रांती, मोबाइल नको, उजेड आणि गोंगाट नको, बाकी सगळं नॉर्मल, असं सांगितलं. भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही तेच टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून लोक भेटायला येऊ लागले. दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाला भेटून यायचं, हा गावचा रिवाज आहे. कोण आलं नाही, ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं आणि पुढच्या एखाद्या लग्नात निघतं. शहाळी आली, मोसंबी आली, बिस्किटांचे पुडे आले. चहाचं पातेलं गॅसवरून खाली उतरलं नाही. आलेला माणूस बसला की ‘कसं झालं?’ असं विचारतो, आणि ते पेशंटनं स्वतः सांगायचं असतं. ट्यूबलाइटखाली डोळे अर्धे मिटून दीर सांगत होते. पडण्याचा क्षण त्यांना आठवत नव्हता. भाडेकरूनं जे सांगितलं तेच ते स्वतःचं म्हणून सांगत होते. दोन दिवसांत तेवीस वेळा. मोजायची सवय म्हणून मी मोजलं होतं.

ऐकून झालं की लोक जखम शोधत. एका चुलत सासऱ्यांनी पुढं वाकून त्यांचं डोकं सगळीकडून न्याहाळलं.

“लागलंय कुटं, दाव की,” ते म्हणाले. “का बायकूनं लाटणं फेकून मारलं, अन् शिडीचं नाव करतुया?”

सगळे हसले. दीरही हसले, आत गेले आणि मोरीत ओकले. माझ्या जावेला एका नात्यातल्या बाईनं ऐकवलं, की आमचे हे हात मोडला असताना भातलावणीला उभे होते, तुमचे लई नाजूक दिसतात. आणखी कुणी म्हणालं, पंधरा दिवस खाटेवर म्हणजे मज्जा हाय. हे सगळं सासूबाई चहा गाळता गाळता ऐकत होत्या.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी मला मेडिकलमधून पट्टी आणायला सांगितलं. कशाला, असं मी विचारलं.

“लोकांना दिसंल असं कायतरी पायजे,” त्या म्हणाल्या.

मी दोन रोल आणले. दुपारी दीर औषधाच्या गुंगीत होते. सासूबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि कपाळापासून मागपर्यंत पट्टी गुंडाळली, दवाखान्यात करतात तशी घट्ट आणि नीटनेटकी. मी कात्रीनं टोक कापून दिलं. मध्येच दीरांना जाग आली, त्यांनी हात वर नेला. डॉक्टरांनी बांधायला सांगितलीय, असं सासूबाई म्हणाल्या. मी कात्री आणि उरलेला रोल कपाटात ठेवला.

पट्टीचा उपयोग झाला. त्या संध्याकाळपासून कुणी चेष्टा केली नाही. लोक दारातच आवाज खाली आणायचे, ‘लई लागलं की’ म्हणायचे, आणि जाताना जावेच्या पाठीवरून हात फिरवायचे.

सहाव्या दिवसापासून दीर झोपेनासे झाले. शेजारच्या खोलीत मिक्सर लागला म्हणून त्यांनी भाडेकरूवर आरडाओरडा केला. जेवताना स्टीलचा तांब्या भिंतीवर भिरकावला. मग बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांची बोटं सारखी पट्टीच्या कडेखाली जात होती. घरात त्याची कारणं निघाली: उष्णता वाढली, बसून बसून कंटाळा आला, नजर लागली. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. खालच्या चार ओळी त्या घरात फक्त मला माहीत होत्या. दहाव्या दिवशी तपासणीला जायचंच आहे, तोपर्यंत थांबू, असं मी स्वतःला सांगत राहिले.

आठव्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मी त्यांना चहा घेऊन गेले. ते पलंगाच्या कडेला बसले होते. दार लावून घ्या, म्हणाले.

“वहिनी, तुमी पेपरात होता. तुमी खरं सांगाल. माझं डोकं कधी उघडलं?”

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी तो समजावून सांगितला. आवाज चढलेला नव्हता. सात-बारा वाचून दाखवावा तसे एकेक मुद्दा सांगत गेले. अपघाताचा निम्मा दिवस त्यांच्या डोक्यातून गेला होता. आधी पट्टी नव्हती, मग ते झोपेत असताना पट्टी आली. तिच्याखालचं काही ते स्वतः बघू शकत नव्हते. लोक आधी हसत होते, आता कुजबुजत होते. आई स्वयंपाकघरात रडत होती. आणि दवाखान्याचा कागद.

“तुमी त्यो पुरता वाचला न्हाई. खालचं तसंच ठिवलं. मी तुमच्या डोळ्यांकडं बघत हुतो.”

यावरून त्यांनी निष्कर्ष काढला होता. डोकं उघडलं, आत काहीतरी सापडलं, आणि आपले थोडे दिवस उरलेत हे सगळ्यांना माहीत आहे.

“तुमाला सगळ्यांना माझ्यामागं राबवण्यापरीस आपणच उरकावं म्हणलं,” ते म्हणाले. “दोनदा गच्चीवर जाऊन आलो. कठडा कमरेएवढाच हाय.”

मी कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसला नाही, चहा सांडला.  त्यांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी होती. एकही तपशील चुकलेला नव्हता. प्रत्येक वाक्य बरोबर आणि बातमी मात्र खोटी, असा मजकूर मी डेस्कवर कितीतरी वेळा हाताळला होता. हा मजकूर आम्ही तयार केला होता. सासूबाईंनी पट्टी बांधली होती, मी टोक कापलं होतं.

मी त्यांना एकटं सोडलं नाही. तिथूनच हाक मारून जावेला आणि सासूबाईंना बोलावलं, पतींना गच्चीला कुलूप लावायला सांगितलं. कपाटाच्या आरशासमोर सासूबाईंनी स्वतः पट्टी सोडली. “म्या बांधली. लोकांसाठी,” एवढंच त्या म्हणाल्या. दीरांनी दोन्ही हातांनी सगळं डोकं चाचपलं, एकदा, मग पुन्हा. टाका नव्हता, व्रण नव्हता. मग ते रडायला लागले, आणि ते रडणं आमच्यापैकी कुणालाच थांबवता आलं नाही.

मी कागद काढून खालच्या चार ओळी मोठ्यानं वाचल्या. त्यांनी त्या पुन्हा वाचायला लावल्या.

“म्हंजी मला जे हुतंय, त्ये पडल्यामुळंच?”

“पडल्यामुळंच,” मी म्हणाले.

त्याच संध्याकाळी आम्ही दवाखान्यात पोचलो. मारुंजीच्या रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या. जावेनं त्यांचा हात अख्ख्या रस्त्यात सोडला नाही. डॉक्टरबाईंनी त्यांना आमच्यासमोर विचारलं, जीव द्यावा असं मनात येतं का. हा प्रश्न इतक्या सरळ विचारता येतो हे मला माहीत नव्हतं. ते ‘येतं’ म्हणाले, आणि त्यांचे खांदे खाली आले. त्याच इमारतीतल्या मनाच्या डॉक्टरांकडे त्यांना लगेच पाठवलं. तिथं झोपेचं आणि भीतीचं औषध सुरू झालं, दर आठवड्याला बोलायला यायचं ठरलं. सतत कुणीतरी सोबत हवं, भेटायला येणारे बंद, रोज थोडं चालणं. निघताना डॉक्टर म्हणाले, बरं झालं लवकर आणलंत, लोक सहा-सहा महिन्यांनी येतात. लवकर हा शब्द मला धक्का देऊन गेला. मला वाटत होतं आम्ही उशीर केला, आणि अजूनही वाटतं.

भेटायला येणाऱ्यांना थांबवायचं कसं, हा प्रश्न घरी आल्यावर निघाला. पती म्हणाले, फाटकावर पाटी लावू. पाट्या भाडेकरूंसाठी असतात, असं सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची फाटकाशी नेली आणि तिथं बसल्या. पहिले आले ते चुलत सासरेच, हातात शहाळं घेऊन.

“त्येच्या डोक्याला हादरा बसलाय,” सासूबाई त्यांना म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, रस्त्यापर्यंत जाणारा. “जखम दिसत न्हाई, पन हाय. मन थाऱ्यावर न्हाई त्येचं. मनाच्या डाक्टरचं औषध चालू केलंय. भेटायला बंदी हाय. च्या हितंच घ्या.”

ते चहा न घेता गेले. त्यानंतर आमच्याकडे आलेले नाहीत. सासूबाईंनी मात्र तेच वाक्य त्या दिवशी आणखी सात जणांना सांगितलं आणि पुढं तीन आठवडे सांगत राहिल्या. जे आमच्या घरात बोलता येणार नाही असं मी ठरवून टाकलं होतं, ते सासूबाई अख्ख्या गावाला फाटकावरून ऐकवत होत्या. पट्टीबद्दल कुणी विचारलं तर तेही सांगत, मी बांधली होती, चुकलं माझं.

दीरांच्या खोलीची खिडकी फाटकाकडे उघडते. पहिल्या दिवशी त्यांनी हे सगळं आतून ऐकलं. आता लपवायचं काय राहिलं न्हाई, असं ते जावेला म्हणाले आणि संध्याकाळी सहापर्यंत झोपले.

याला आता पाच महिने झाले. औषध चालू आहे, मात्रा कमी झाली आहे. खोल्यांचा हिशेब ते पुन्हा बघतात, मिक्सरचा आवाज त्यांना सहन होतो, एखादा दिवस वाईट जातो आणि तसं ते स्वतःच सांगतात. टाकीचं काम प्लंबर करतो. गच्चीची किल्ली अजून माझ्या पतींकडे आहे. दीरांनी ती मागितलेली नाही.